मार खाणारा मालक

रविवार, ६ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. पत्रास कारण की. हे तीन शब्द मला लहानपणापासून आवडतात. ते लिहिले की अर्धं पत्र झाल्यासारखं वाटतं, आणि खरं कारण जरा उशिरा सांगितलं तरी चालतं.

इकडे सगळं ठीक. यांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, म्हणजे गुडघा कमी आणि हे जास्त. लेकीच्या दातांना तार बसवली आहे, त्यामुळे ती तोंड उघडत नाही आणि घरात शांतता आहे. तू आणि भावोजी कसे आहात? दुकानात मदतीला कोणी मिळालं का, की अजून तूच शिडीवर चढून वरच्या फळीवरची औषधं काढतेस? आणि कानाचं नवीन यंत्र लावतेस का? डॉक्टर म्हणाले होते की महिनाभर रोज लावलं तरच त्याची सवय होईल. तू ते खोक्यात ठेवून "घेतलंय ना" एवढ्यावर समाधान मानणार, मी तुला आज ओळखत नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर तू "काय? परत सांग" म्हणतेस, मग मी ओरडून सांगते, आणि ओरडून सांगितलेली कुठलीही गोष्ट भाजीच्या भावासारखी वाटते. म्हणून पत्र.

तर बातमी अशी की मी नाटकाची बाई झाले. हसू नकोस. आमच्या शाळेतल्या नाटकाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेव्हा मुख्याध्यापिकांनी मला बोलावून विचारलं, "तुम्ही शाळेत असताना नाटकात काम केलं होतं ना?" नोकरीच्या अर्जात छंद या रकान्यात काहीतरी भरायचं म्हणून मी वीस वर्षांपूर्वी तसं लिहिलं होतं. या बाईंना माणसांची नावं आठवत नाहीत, अर्ज मात्र शब्द न् शब्द आठवतात. मी म्हणाले, मी भूगोलाची. त्या म्हणाल्या, "रंगभूमी हीसुद्धा भूमीच." नाटकाची वही उचलली. गेले मुकाट्याने.

नाटक सातवीच्या मुलांचं आहे, अर्ध्या तासाचं. दोन बहिणी मिळून लॉन्ड्री चालवतात. थोरली धाकटीवर चोरीचा खोटा आळ घेते, आणि तिसऱ्या प्रवेशात धाकटी तिच्या कानाखाली वाजवते. मी पान मागे उलटून पुन्हा वाचलं. तेच लिहिलं होतं.

मी लगेच मुख्याध्यापिकांकडे गेले. म्हटलं, थप्पड काढून टाकू या, धाकटी नुसती रागाने निघून गेली तर काय बिघडतं? त्या म्हणाल्या, "मग पडदा कशावर पाडणार? मागच्या वर्षी लाकडी तलवारीने एकाचा दात हलला. तेव्हाच मी ठरवलं की हे काम शिकवणाऱ्या माणसालाच बोलवायचं. सहा शनिवार येतील ते. मुलांबरोबर तुम्हीही शिका."

आले ते गृहस्थ. साठीचे, अंगाने काडी, दोन्ही गुडघ्यांना गाद्या बांधलेल्या, खांद्याला झोळी आणि झोळीत खडूंचा डबा. आयुष्यभर नाटक मंडळ्यांमध्ये मारामाऱ्या बसवल्या. मुलं त्यांना पहिल्याच दिवशी उस्ताद म्हणू लागली, ते नाव त्यांना इतकं बसलं की खरं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांनी ओळख करून दिली ती अशी: "मला आजवर चार हजार वेळा तरी मारलंय. भोसकलंय, गळा दाबलाय, जिन्यावरून ढकललंय. लागलं एकदाच. बसमधून उतरताना."

पहिल्या शनिवारी कोणी कोणाला बोटही लावलं नाही. दोन तास नुसतं पडायला शिकवलं. आधी गुडघ्यात वाकायचं, मग बसायचं, मग कुशीवर लोळायचं. डोकं जमिनीला लावायचं नाही. मीही पडले. भूगोलाच्या बाईंना लोळताना पाहून सातवीच्या वर्गाला जो आनंद झाला आहे, तो अजून उतरलेला नाही.

दुसऱ्या शनिवारी खडू बाहेर आला. समोरच्याकडे हात सरळ करायचा. आपली बोटं आणि त्याचं तोंड यांच्यात एक वीत मोकळी राहिली पाहिजे. तशी राहिली की दोघांच्या पायांपुढे एकेक रेघ मारायची. मारणाऱ्याने ती रेघ ओलांडायची नाही, आभाळ कोसळलं तरी नाही. आमच्या सभागृहाच्या फरशीवर आता इतक्या रेघा आहेत की सफाईवाल्या मावशी माझ्याशी बोलत नाहीत.

थप्पड आली ती काल, तिसऱ्या शनिवारी. ती कशी मारतात ते तुला सांगते, तुला मजा वाटेल. मार खाणारी प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहते. मारणारी हात वर नेते आणि तिच्या डोळ्यांत बघते. मार खाणारी तयार असली की हनुवटी जरा खाली करते. ती हनुवटी खाली गेल्याशिवाय मारणारीचा हात सुटायचा नाही. मग हात तोंडासमोरून, एक वीत अंतरावरून, नुसता वारा घालत जातो. फाडकन आवाज येतो तो मार खाणारीच काढते, छातीशी दोन्ही तळवे आपटून. बघणाऱ्याला तिची पाठ दिसते, त्यामुळे तळवे दिसत नाहीत. मान फिरवते तीच, आणि पडतेही तीच.

"म्हणजे सगळं काम हीच करते," उस्ताद म्हणाले. "मारणारा नुसता हात हलवतो. कधी, किती जोरात, कुठे थांबायचं, हे मार खाणारा ठरवतो. पाठ करा. मार खाणारा मालक." मुलांनी पाढ्यासारखं तीनदा म्हटलं. मीही म्हटलं, पण माझा आवाज जरा मागे राहिला.

मग त्यांनी थांबायचा शब्द ठरवायला सांगितला. 'थांब' चालत नाही, 'नको', 'सोड', 'लागलं' हेही चालत नाही, कारण नाटकात सगळे तेच ओरडत असतात. खरं कोण ओरडतंय ते कळणार कसं? भांडणात कोणीही कधीच उच्चारणार नाही असा शब्द हवा. बरीच चर्चा होऊन 'भोपळा' ठरला. कोणीही भोपळा म्हटलं की हात खाली, तीन पावलं मागे, आणि का म्हणून विचारायचं नाही. सांगायचं तर तो आपणहून सांगेल. एकाने विचारलं की गणिताच्या पेपरात भोपळा मिळाला तर तीन पावलं मागे जायचं का. उस्ताद म्हणाले, बापापासून जा.

थोरलीचं काम करणारी मुलगी वर्गात रेडिओ या नावाने प्रसिद्ध आहे. सकाळी लागते आणि शाळा सुटली तरी बंद होत नाही. धाकटी होणारीला टाचणी म्हणतात. बारीक, अबोल, पण टोचायचं तिथे बरोबर टोचते. दोघी बालवाडीपासून एका बाकावर बसतात.

थप्पड दाखवायला उस्तादांनी मलाच पुढे बोलावलं. म्हणाले, "मारा मला." मी रेघेवर उभी राहिले, त्यांच्या डोळ्यांत बघितलं, त्यांनी हनुवटीही खाली केली, आणि माझा हात काही वर होईना. कमरेपाशीच राहिला. मी म्हणाले, खांदा आखडलाय. माझा खांदा आखडतो खरंच, कधीकधी. उस्तादांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरं. मग तुम्ही मार खा."

ते मात्र झकास जमलं. त्यांचा हात वाऱ्यासारखा गेला, मी तळवे आपटले, मान फिरवली आणि शिकवल्याप्रमाणे बसत बसत पडले. रेडिओने धावत येऊन विचारलं, "बाई, लागलं?" मी म्हटलं, नाही गं, आवाज माझाच होता. घरी येताना बसमध्ये मी दोनदा छातीशी तळवे आपटून पाहिले. शेजारच्या बाईंनी पर्स दुसऱ्या मांडीवर घेतली.

आता खरं विचारायचं ते. ताई, थप्पड ठेवू की काढू? मुख्याध्यापिका काही म्हणोत, मी हट्ट धरला तर निघेल. उस्ताद नीट शिकवतात, मुली समजूतदार आहेत, भीती वाटावी असं काही नाही, तरी काल घरी आल्यावर मी तो प्रवेश तीनदा वाचला. तू सांगशील तसं करेन. तुलाच का विचारते, ते मात्र विचारू नकोस.

भावोजींना नमस्कार.

तुझी,
बारकी

ता. क. यंत्र लाव.


रविवार, ३ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं होतं. "थप्पड ठेव. नीट शिकव. यंत्र लावते, शिट्टी वाजते." औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवावी तसं तू कार्ड लिहितेस. पण मी ते पाकिटात घालून रोज शाळेत नेलं.

आधी एक सांगून टाकते. काल नाटक झालं आणि कोणालाही काहीही लागलं नाही. थप्पड पडली तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी "अरे अरे" म्हणून अर्धं उठून पाहिलं, आणि पडदा पडल्यावर रेडिओ हसत हसत उठून बसली. मी तिची हनुवटी धरून दोन्ही गाल, दोन्ही कान बघितले. ती म्हणाली, "बाई, काय शोधताय?" मी म्हटलं, काही नाही, सापडलं नाही तेच बरं. ताई, मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू, शेवटच्या नमस्कारासाठी मुलांनी मला स्टेजवर ओढलं तर मी तिथेच शिकवल्याप्रमाणे पडते की काय असं झालं.

पण पत्र त्यासाठी नाही. पत्रास कारण की, आणि या वेळी खरंच कारण आहे, गुरुवारी रंगीत तालीम झाली.

कपडे, दिवे, सगळं होतं. मला माहीत नव्हतं की मधल्या सुट्टीत रेडिओ आणि टाचणीचं वाजलं होतं. टाचणी अजून दिवा लावून झोपते. हे फक्त रेडिओला ठाऊक होतं, आणि रेडिओने ते डबा खाताना सगळ्या वर्गाला सांगून टाकलं होतं. मला एवढंच दिसलं की टाचणी आज फार सुंदर काम करते आहे. राग असा खरा वाटत होता की मी मनात म्हटलं, वा.

तिसरा प्रवेश आला. टाचणी रेघेवर उभी राहिली. हात वर गेला. डोळ्याला डोळा भिडला. रेडिओने हनुवटी खाली केली. सगळं जिथल्या तिथे, आणि हात वरच राहिला. मला वाटलं, पुढचं विसरली. तेवढ्यात ती म्हणाली, "भोपळा."

रेडिओला कळेना. भोपळा म्हटलं तर मार खाणारीने म्हणावं, मारणारी कशाला म्हणेल? पण नियम तो नियम. दोघींनी हात खाली केले, तीन तीन पावलं मागे गेल्या. कोणी काही विचारलं नाही. मग टाचणी आपणहून बोलली, माझ्याकडे बघून. "बाई, मला आज हिचा खरंच राग आलाय. रेघ दिसतेय मला. पण मी ती ओलांडीन असं वाटतंय."

बारा वर्षांची आहे गं ती.

उस्तादांनी हातातला खडू डब्यात ठेवला. मग म्हणाले, "पाणी प्या सगळे." त्या दोघी पायरीवर बसल्या, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. रेडिओ पहिल्यांदाच बंद होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी सगळ्यांना सांगते की मीपण दिवा लावून झोपते." टाचणी म्हणाली, "झोपतेस?" "नाही. पण सांगते." मग टाचणी हसली, आणि दहा मिनिटांनी त्यांनी थप्पड केली ती अगदी चोख, एक वीत मोकळी सोडून.

मी कपड्यांच्या खोलीत गेले आणि टांगलेल्या शर्टांमध्ये तोंड घालून रडले. उस्ताद दाराशी आले. आत आले नाहीत. म्हणाले, "खांदा आखडलाय वाटतं." आणि गेले.

ताई, आता लिहिते.

मी बारा वर्षांची होते, तू पंधरा. शाळेच्या नाटकात तू राजकन्या आणि मी दासी, राजकन्येला थप्पड मारणारी. आपल्या बाईंनीही खडूची रेघ मारली होती, आठवतं? त्यांनी मला सांगितलं होतं की रेघेच्या अलीकडे राहून हात फिरव, आवाजासाठी मी विंगेतून टाळी वाजवीन. तालमीत कधी चुकलं नाही. नाटकाच्या दिवशी सकाळी बाईंनी मला बोलावून सांगितलं, तुझ्या सात वाक्यांतली पाच काढली आहेत, ती राजकन्या म्हणेल, तुला पाठ होत नाहीत असं कळलं. कोणाकडून कळलं ते विचारायची गरज नव्हती. मला सातही पाठ होती.

रात्रंदिवस घोकलेली पाच वाक्यं तू माझ्यासमोर उभी राहून म्हणालीस, आणि मग थप्पड आली. मी रेघेकडे बघितलं आणि अर्धं पाऊल पुढे टाकलं. चुकून नाही. तू ते पाहिलंस. ओठ न हलवता तू म्हणालीस, "मागे हो." नाटकात हे शब्द कुठेच नव्हते. ते मी ऐकलं, ताई. स्वच्छ ऐकलं, आणि पूर्ण हाताने मारलं.

मग टाळ्या पडल्या. इतकं खरं वाटलं लोकांना. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या टाळ्या त्या. आणि तू डावा कान धरून खाली बसलीस, तेही लोकांना अभिनयच वाटला.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं, हात निसटला. आई ते शेवटपर्यंत सांगत राहिली, "पोरीचा हात निसटला, दोघींचं नशीब." डॉक्टर म्हणाले पडदा फाटला आहे, भरून येईल. भरून आला नाही. तू कधी एका शब्दाने बोलली नाहीस. मी तुझ्या उजव्या बाजूने चालायला लागले, उजव्या बाजूला जेवायला बसायला लागले, आणि मला वाटत राहिलं की एवढं केलं की भागेल. ते भागत नाही. परवा तेव्हाच्या माझ्याएवढ्या असलेल्या त्या पोरीने वर गेलेला हात वरच धरून ठेवला, तेव्हा मला कळलं की हे करता येतं. हात थांबवता येतो. मला येत नव्हता असं नाही, मी थांबवला नाही.

हे फोनवर सांगता आलं नसतं. तू "काय? परत सांग" म्हणाली असतीस, आणि हे मी दोनदा सांगू शकले नसते.

माफी मागते. तू दे असं म्हणत नाही. रागाव, वाटेल ते बोल, उत्तर देऊ नकोस, तुला जे करायचं ते कर. मला फक्त एवढंच हवं होतं की तुला माहीत असावं.

तुझी बहीण

(खाली बारकी लिहिणार होते, पण आज लिहवत नाही.)


गुरुवार, १४ सप्टेंबर

बारके,

अनेक आशीर्वाद. पत्रास कारण तुझं पत्र.

उत्तराला उशीर झाला, कारण आठ दिवस मला तुझा राग आला होता. खोटं कशाला लिहू. पत्र गल्ल्याखालच्या खणात टाकलं आणि खण बंद केला. त्या आठवड्यात एकाने खोकल्याचं औषध मागितलं तर मी त्याला केसांचं तेल दिलं. त्याने दारातच चिठ्ठी वाचली म्हणून वाचला. तुझे भावोजी म्हणाले, तू आज घरी जा. मी म्हटलं, घरी जाऊन काय करू, तिथेही मीच असणार.

राग थपडेचा नव्हता. अर्धं पाऊल मी पाहिलं होतं. निसटलेला हात असा मापात येऊन कानावर बसत नाही, हे मला पंधराव्या वर्षीही कळत होतं. राग आला तो 'मागे हो' वाचून. ते तू ऐकलं नाहीस असंच मी आजवर धरून चालले होते. तेवढ्यावर माझं बरं चाललं होतं. तो एक आधार तू काढून घेतलास. कानाचं मला अजून वाईट वाटतं. डाव्या बाजूला बसलेलं माणूस हसलं की मी अंदाजाने हसते. हे काही नाही, झालं गेलं, असं मी लिहिणार नाही, कारण तसं नाही.

पण तुझ्या पत्रात एक चूक आहे, ती सुधारून घे. हात निसटला असं तू म्हणालीच नव्हतीस. आई धावत आली तेव्हा तुझी दातखीळ बसली होती. ते मी म्हणाले. कान धरलेला होता, रक्त बोटाला लागलं होतं, आणि तरी मीच म्हणाले, "हात निसटला तिचा." तू नंतर तेच वाक्य धरलंस. तेवढं एक तुला चांगलं पाठ झालं.

तुला वाचवायला म्हणाले असं समजू नकोस. तू मुद्दाम मारलंस असं ठरलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, का मारलंस? मग पाच वाक्यं निघाली असती. बाईंकडे मीच गेले होते. तुला सातही पाठ आहेत हे मला माहीत होतं. तू अंघोळ करताना दार लावून तुझीही वाक्यं म्हणायचीस आणि माझीही, आणि माझी माझ्यापेक्षा बरी म्हणायचीस. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी असायचे आणि ऐकायचे. तेव्हा दोन्ही कान धड होते ना.

तर आळ घेणारी थोरली तुमच्या लॉन्ड्रीवालीच्या आधीची आहे. कानाच्या मानाने पाच वाक्यं काहीच नाहीत, हे मला कळतं, हिशेब बरोबर होत नाही. पण मीही ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आज लिहिताना माझा हातही जरा आखडलाच.

आता नीट वाच. एकतीस वर्षं तू माझ्या उजव्या बाजूने चालते आहेस. रस्ता ओलांडताना मला वळसा घालतेस. माझ्या लग्नाच्या फोटोत नवऱ्याला बाजूला सारून उजवीकडे तू उभी आहेस, भावोजी अजून बोलून दाखवतात. दर फोनला कान, दर पत्राला यंत्र. मला वाटायचं, किती काळजी करते पोर. आता कळलं, काळजी नव्हती, तू रोज एक थप्पड स्वतःला मारून घेत होतीस आणि मला शेजारी उभं करून.

तुमच्या उस्तादांचा नियम तूच मला लिहिलास. मार खाणारा मालक. कधी, किती, आणि कुठे थांबायचं ते तो ठरवणार. मार मी खाल्ला आहे. म्हणजे मालक मी. दासीने मध्ये बोलायचं नाही.

भोपळा.

का म्हणून विचारायचं नाही. हात खाली कर, तीन पावलं मागे हो. या वेळी ऐक माझं.

झालं? मग सुट्टी लागली की इकडे ये. टाचणीने सांगितलं तसं सगळं सांग, थप्पड मलाही शिकव, भावोजींवर करून बघू. संध्याकाळी नदीपर्यंत चालत जाऊ. यंत्राची शिट्टी आता थांबली आहे.

डाव्या बाजूने चाल.

तुझी,
ताई